हादऱ्याचे माप : ज्वालामुखीच्या प्रदेशातील भूकंप

सौंदर्यशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींना बेनेदेत्तो क्रोचे हे नाव नवीन नाही. कला म्हणजे अभिव्यक्ती, असे आग्रहाने मांडणारा हा इटालियन तत्त्ववेत्ता. परंतु हाच क्रोचे सतरा वर्षांचा असताना एका भूकंपात घराच्या ढिगाऱ्याखाली कित्येक तास गाडला गेला होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. नेपल्सजवळच्या समुद्रात इस्किया नावाचे एक छोटे ज्वालामुखी बेट आहे. त्या बेटावरील कासामिच्चोला या गावी क्रोचे कुटुंब हवापालटासाठी उतरले होते. २८ जुलै १८८३ च्या रात्री, साडेनऊच्या सुमारास, काही सेकंदांत ते गाव जमीनदोस्त झाले. क्रोचेचे आईवडील आणि बहीण त्यात गेली. तो जखमी अवस्थेत वाचला. मृतांची एकूण संख्या तेवीसशेच्या वर गेली.

आता या घटनेतील खरे आश्चर्य पाहा. हा भूकंप मुळीच मोठा नव्हता. आजचे अभ्यासक त्याची महत्ता पाचाच्या आसपासच मानतात. जपानमध्ये किंवा हिमालयात एवढ्या भूकंपाची वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. कासामिच्चोलापासून समुद्रापलीकडे तीसेक किलोमीटरवर असलेल्या नेपल्स शहरात तर घरे पडलीच नाहीत. मग एवढ्याशा भूकंपाने एक गाव पुसून कसे टाकले? आणि असा हादरा मोजावयाचा तरी कसा? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना मला जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. मी भूगोलाचा विद्यार्थी आहे, भौतिकशास्त्राचा नाही. त्यामुळे गणिताची वाट टाळून साध्या भाषेत सांगण्यावाचून मला गत्यंतर नाही. कला शाखेच्या वाचकांना ते सोयीचेच वाटेल, अशी आशा आहे.

महत्ता आणि तीव्रता

प्रथम एक नेहमीचा घोटाळा दूर केला पाहिजे. ‘रिश्टर मापनावर इतक्या तीव्रतेचा भूकंप’ असे आपण वाचतो व बोलतो. वस्तुतः महत्ता आणि तीव्रता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. महत्ता ही भूकंपाची स्वतःची; जमिनीखाली खडक सरकताना किती ऊर्जा मोकळी झाली त्याचा तो निर्देशांक. एका भूकंपाला महत्ता एकच असते. तीव्रता मात्र जागेची. अमुक गावात जमीन किती हादरली, घरांचे काय झाले, यावर ती ठरते. म्हणून एकाच भूकंपाची तीव्रता दर गावात वेगळी असू शकते.

गणपतीच्या मिरवणुकीतील ढोलाचे उदाहरण घेऊ. टिपरू किती जोराने पडले हे ढोलापाशी ठरते, ती महत्ता. पण त्या आवाजाने कोणाच्या खिडकीची तावदाने खडखडतील हे घर किती लांब आहे, मध्ये काय आहे, तावदान किती ढिले आहे, यावर अवलंबून राहील. ही झाली तीव्रता. महत्तेचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. परंतु तेवढ्यावरून कोणाचे घर पडेल हे सांगता येत नाही.

तीव्रतेच्या पाहणीला यंत्र लागत नाही. माणसांच्या साक्षी आणि पडलेल्या भिंती पुरतात. १८८३ च्या या दुर्घटनेचा अभ्यास करणाऱ्यांत ज्युझेप्पे मेरकाल्ली हे धर्मोपदेशक असलेले भूशास्त्रज्ञ होते. त्यांच्याच नावाचे तीव्रतेचे मापन पुढे जगभर रूढ झाले. कोठे सर्व घरे पडली, कोठे काही, कोठे नुसत्या भेगा पडल्या, हे गावोगाव पाहून अशा नुकसानीचे नकाशे तयार केले जातात.

माझे आजोळ पाटण तालुक्यात आहे. १९६७ सालच्या कोयनेच्या भूकंपाची गोष्ट निघाली की माझी आजी प्रथम उतरंड सांगते. ती तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली होती. “पहाटेची येळ. आधी उतरंड आली खाली, मग भित्ताड,” एवढेच ती म्हणते. मेरकाल्लीच्या पद्धतीने पाहिले तर हीसुद्धा एक नोंदच आहे. तथापि धरण बांधणाऱ्या किंवा शाळेची इमारत आखणाऱ्या अभियंत्याला उतरंडीवरून हिशेब करता येत नाही. त्याला आकडा हवा असतो. तो आकडा कोठून येतो, हे आता पाहू.

सोनाराचा तराजू आणि ज्वारीचे पोते

भूकंपमापक यंत्राचे तत्त्व सोपे आहे. एखादे जड वजन असे टांगावयाचे की जमीन हलली तरी ते आपल्या जडत्वामुळे मागे राहील. मग जमीन आणि वजन यांच्यातील फरक कागदावर उमटवावयाचा. ही यंत्रे अत्यंत संवेदनशील असतात. हजारो किलोमीटरवरील भूकंप त्यांना कळतो. परंतु नेमकी हीच त्यांची अडचणही होते. भूकंप अगदी जवळ झाला तर त्यांची रेषा कागदाबाहेर जाते आणि नोंद निरुपयोगी ठरते. सोनाराच्या तराजूत ज्वारीचे पोते ठेवल्यासारखा तो प्रकार. जेथे घरे पडतात, तेथील हालचाल मोजण्यासाठी निराळा, दणकट काटा हवा. तीव्र कंपन नोंदविणाऱ्या या यंत्राला ॲक्सिलरोग्राफ, म्हणजे त्वरणलेखक, म्हणतात.

त्वरणच का मोजावयाचे? एस.टी.च्या गाडीत उभे राहून प्रवास केलेल्या कोणालाही याचे उत्तर ठाऊक आहे. गाडी एकसारख्या वेगाने कितीही भरधाव जावो, आपण सुखाने उभे असतो. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की मात्र आपण पुढच्याच्या अंगावर जातो. धक्का वेगाचा नसतो. वेगातील बदलाचा, म्हणजे त्वरणाचा असतो. जमीन हलते तेव्हा घराचीही हीच गत होते. घराच्या प्रत्येक भागावर येणारा जोर हा त्या भागाचे वस्तुमान गुणिले त्वरण एवढा असतो. म्हणूनच माळवदाचे जड घर हलक्या घरापेक्षा अधिक धोक्याचे.

हे त्वरण पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाच्या, म्हणजे ‘जी’च्या, प्रमाणात सांगण्याची पद्धत आहे. एक जी म्हणजे दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद इतका वेगात पडणारा फरक. घर नेहमी आपले वजन खाली पेलत असतेच, परंतु ०.३ जी एवढे आडवे त्वरण आले की जणू घराच्या वजनाच्या तीन दशांश एवढा जोर त्याला बाजूने ढकलू लागतो, आणि तोही पुढे-मागे, क्षणोक्षणी दिशा बदलून. दगडमातीच्या भिंतीला खालचा भार पेलता येतो; आडवा पेलता येत नाही.

असे यंत्र तीन दिशांची हालचाल एकाच वेळी नोंदविते : दोन आडव्या आणि एक उभी. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात १९३२ साली अशी पहिली यंत्रे बसविली गेली आणि पुढच्याच वर्षी, १० मार्च १९३३ रोजी, लाँग बीचच्या भूकंपाची नोंद त्यांच्यावर झाली. १८ मे १९४० रोजी एल सेंट्रो येथे मिळालेली नोंद तर पुढे कित्येक दशके जगभरच्या अभियंत्यांनी हिशेबासाठी वापरली. तिच्यात जमिनीचे त्वरण एक जीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास गेले होते. जुनी यंत्रे एरवी झोपलेली असत. पहिला धक्का बसला की जागी होऊन फोटोच्या फिल्मवर प्रकाशाच्या ठिपक्याने रेषा काढीत. साहजिकच सुरुवातीचा भाग हुकत असे. आजची अंकीय यंत्रे अखंड जागी असतात, दर सेकंदाला शंभर वा अधिक वेळा मोजमाप घेतात आणि उपग्रहावरून वेळ जुळवून घेतात.

केवळ कमाल आकडा पुरत नाही

नोंदीतील सर्वांत उंच टोक म्हणजे कमाल त्वरण. वर्तमानपत्रांना हाच आकडा आवडतो. पण घराचे भवितव्य आणखी दोन गोष्टींवर ठरते. एक, हादरा किती सेकंद टिकला. आणि दोन, कंपने जलद होती की मंद.

दुसरा मुद्दा थोडा विस्ताराने सांगावयास हवा. झोपाळ्याला आपली एक लय असते. त्या लयीत हलकेच ढकलले तरी तो उंच जातो. अवेळी कितीही जोर लावला तरी व्यर्थ. प्रत्येक इमारतीलाही अशी लय असते. एकमजली घर ढोबळमानाने सेकंदाच्या दहाव्या हिश्शात एक हेलकावा पुरा करते, तर दहामजली इमारतीला सुमारे एक सेकंद लागतो. म्हणून जलद कंपने बैठ्या घरांना बाधतात आणि मंद कंपने उंच इमारतींना. अभियंते नोंदीवरून प्रत्येक लयीच्या इमारतीला किती जोर सोसावा लागेल याचा आलेख काढतात. यालाच प्रतिसादाचा वर्णपट म्हणतात. हा वर्णपट काढता येतो तो पूर्ण नोंदीवरून. नुसत्या कमाल आकड्यावरून नव्हे.

मिरवणूक दूर गेली म्हणजे ताशाची तडतड आधी विरते आणि ढोलाचा घुमारा तेवढा ऐकू येत राहतो, हा आपला अनुभव आहे. भूकंपलहरींचेही असेच. जमिनीतून जाताना जलद कंपने लवकर शोषली जातात, मंद कंपने दूरवर पोहोचतात. किती लवकर शोषली जातील, हे मात्र खडकावर अवलंबून असते. ज्वालामुखीच्या प्रदेशाचे वेगळेपण येथेच सुरू होते.

ज्वालामुखीची जमीन

पहिले वेगळेपण खोलीचे. ज्वालामुखीच्या अंगात शिलारस, तप्त वायू व पाणी यांच्या हालचालीने खडकांवर ताण येतो, आणि तोही पृष्ठभागाच्या अगदी जवळ. खाली खडक इतका तापलेला असतो की तो तडकण्याऐवजी मऊ पडतो. म्हणून पुष्कळसे भूकंप वरच्या थंड कवचातच, एकदोन किलोमीटर खोलीवर होतात. याचा परिणाम साध्या भूमितीने कळतो. भूकंपाची नाभी २० किलोमीटर खोल असेल तर बरोबर वरच्या गावापासून ती २० किलोमीटरवर आणि तेथून १० किलोमीटर दूर असलेल्या गावापासून सुमारे २२ किलोमीटरवर. दोघांना जवळजवळ सारखाच हादरा. पण नाभी फक्त २ किलोमीटर खोल असेल तर वरच्या गावाला ती २ किलोमीटरवर, आणि १० किलोमीटर दूरच्या गावाला १० किलोमीटरहून थोडी अधिक. एकाला पाचपट जवळ. एक गाव उद्ध्वस्त आणि शेजारचे शांत, या विलक्षण दृश्याचे मूळ येथे आहे.

दुसरे वेगळेपण शोषणाचे. तरुण ज्वालामुखी प्रदेशातील खडक भेगाळलेला, तापलेला, वायू आणि पाण्याने भरलेला असतो. त्यातून जाताना लहरींची, विशेषतः जलद कंपनांची, शक्ती झपाट्याने खर्च होते. ताशा दोन गल्ल्यांतच विरतो म्हणा ना.

तिसरे वेगळेपण थरांचे. घट्ट लाव्हा, त्याखाली भुसभुशीत राख, पुन्हा लाव्हा, असे एकाआड एक थर. राखेच्या मऊ थरात लहरींचा वेग मंदावतो आणि त्यांचा हेलकावा मोठा होतो. त्यामुळे शंभर पावलांच्या अंतरावरील दोन घरांनाही निराळा हादरा बसू शकतो.

इस्किया, २०१७

१८८३ च्या दुर्घटनेनंतर कासामिच्चोला येथे जुलिओ ग्राब्लोविट्झ या शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली भूकंपनिरीक्षणाची वेधशाळा उभी राहिली. भूकंप मोजण्याच्या इतिहासात तिचे स्थान मानाचे आहे. आणि नियतीने जणू तिची परीक्षाच घ्यावी तसे घडले. २१ ऑगस्ट २०१७ रोजी रात्री नऊच्या सुमारास त्याच गावाखाली पुन्हा भूकंप झाला. त्याची महत्ता अवघी चार. आरंभी जाहीर केलेला आकडा तर त्याहूनही कमी होता, आणि नाभी बरीच खोल असल्याचे सांगण्यात आले होते. नंतरच्या हिशेबात ती दोन किलोमीटरपेक्षाही कमी खोलीवर आली. दोन स्त्रिया मृत्यू पावल्या, अनेक जखमी झाले, ढिगाऱ्यातून तीन लहान भावंडांना जिवंत बाहेर काढण्यात आले. गावाचा वरचा भाग पडला. पण बेटाच्या दुसऱ्या टोकाला, काही किलोमीटरवर, फारसे काही झाले नाही. सारे बेटच मुळी ४६ चौरस किलोमीटरचे आहे!

या वेळी मात्र गावात यंत्र होते. त्याने नोंदविलेले आडवे त्वरण ०.२८ जी एवढे भरले. महत्ता चारच्या भूकंपाला हा आकडा ऐकून कोणीही चमकेल. ते यंत्र दहा किलोमीटर दूर असते, तर त्याच्या नोंदीवरून या भूकंपात कोणी दगावले असेल असे कोणाच्या मनातही आले नसते. ज्वालामुखी प्रदेशात यंत्रांचे जाळे दाट का विणावे लागते, हे या एका उदाहरणावरून पटावे.

एटनाच्या पायथ्याशी

सिसिली बेटावरचा एटना हा युरोपातील सर्वांत उंच जागृत ज्वालामुखी. त्याची उंची सुमारे ३,३०० मीटरांच्या पुढे. त्याच्या पूर्व उतारावर द्राक्षांचे मळे, लिंबू-संत्र्यांच्या बागा आणि काळ्या लाव्ह्याच्या दगडांनी बांधलेली दाट वस्तीची गावे आहेत. हा उतार हळूहळू समुद्राकडे सरकतो आहे, आणि त्यातील प्रस्तरभंग वारंवार हलतात. ८ मे १९१४ रोजी लिनेरा हे गाव असेच नष्ट झाले. ऑक्टोबर १९८४ मध्ये झाफेराना आणि फ्लेरी या गावांना तडाखा बसला. २९ ऑक्टोबर २००२ रोजी उद्रेक चालू असतानाच सांता व्हेनेरिना येथे घरे पडली. २४ डिसेंबर २०१८ रोजी एटनाच्या अंगाला नवी भेग पडून उद्रेक सुरू झाला, आणि २६ डिसेंबरच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास फ्लेरीच्या परिसरात ४.९ महत्तेचा भूकंप झाला. नाभी एक किलोमीटरहूनही उथळ. रस्त्यांना भेगा पडून प्रस्तरभंगाची रेषा जमिनीवर सरळ दिसू लागली. शेकडो कुटुंबे बेघर झाली. फ्लेरीला हा तडाखा चौतीस वर्षांत दुसऱ्यांदा बसला.

कातानिया शहरातील एटना वेधशाळेच्या अभ्यासकांनी या प्रदेशातील नोंदी एकत्र करून भूकंपांचे उथळ आणि खोल असे दोन गट पाडले. तेव्हा असे दिसून आले की, त्याच महत्तेच्या खोल भूकंपाच्या मानाने उथळ भूकंपात जलद कंपने कमी आणि मंद कंपने अधिक असतात. उथळ, कमकुवत खडकात प्रस्तरभंग काहीसा सावकाश सरकतो आणि पृष्ठभागाला धरून चालणाऱ्या लहरी प्रबळ होतात. म्हणजे एकाच डोंगराखाली दोन स्वभावांचे भूकंप. शिवाय याच भागाला तिसराही धोका आहे. ११ जानेवारी १६९३ रोजी झालेल्या प्रचंड भूकंपात कातानिया शहर जवळजवळ संपले होते. तो ज्वालामुखीचा भूकंप नव्हता, भूपट्टांच्या हालचालीचा होता. म्हणून कातानियातील अभियंत्याला घर बांधताना दोन्ही हिशेब मांडावे लागतात : घरापाशीचा लहान भूकंप आणि दूरचा मोठा भूकंप.

सूत्र उसने घेता येत नाही

अमुक महत्तेचा भूकंप अमुक अंतरावर झाला तर आपल्या गावात किती त्वरण येईल, हे सांगणारी सूत्रे असतात. ती कागदावर बसून सुचत नाहीत. शेकडो प्रत्यक्ष नोंदी जमवून त्यांतून काढावी लागतात. कॅलिफोर्नियातील नोंदींवरून काढलेले सूत्र एटनाला लावले तर जवळच्या गावांचा धोका आणि दूरच्या गावांचा धोका या दोहोंचा अंदाज चुकण्याचा संभव असतो. न्यूझीलंडमध्ये उत्तर बेटाच्या मध्यभागी टाउपोचा ज्वालामुखी पट्टा आहे. त्या पट्ट्यातून येणाऱ्या लहरी वाटेतच क्षीण होतात, हे ध्यानात आल्यावर तेथील शास्त्रज्ञांनी सूत्रात एक खास पद घातले : लहरींच्या वाटेतील किती किलोमीटर ज्वालामुखी प्रदेशातून गेले, हे मोजून तेवढी वजावट करावयाची. विचार किती साधा, पण त्यामागे कित्येक वर्षांच्या नोंदी आहेत.

या नोंदी मिळविणेही सोपे नाही. ज्वालामुखीच्या अंगावर यंत्र ठेवावयाचे म्हणजे आम्ल वायूंनी तारा कुरतडल्या जाणार, राखेने सौरपट झाकले जाणार, हिवाळ्यात बर्फाखाली सारे गाडले जाणार. शिलारस व वायू हलत असता जमीन सारखी बारीक थरथरत असते; त्या थरथरीतून खरा हादरा वेगळा काढावा लागतो. हवाई बेटावर तर निरीक्षकालाच पळ काढावा लागला. किलाउएआ ज्वालामुखीच्या काठावर १९१२ पासून वेधशाळा होती. २०१८ साली त्याचे मुख उन्हाळाभर टप्प्याटप्प्याने खचत गेले. प्रत्येक वेळी पाचाच्या आसपासच्या महत्तेच्या भूकंपाएवढा दणका, आणि असे दणके साठाहून अधिक. काठावरच्या वेधशाळेच्या इमारतीला तडे गेले, शास्त्रज्ञांना ती सोडावी लागली आणि पुढे ती पाडण्यात आली. दूरवर ठेवलेली यंत्रे मात्र नोंद करीतच राहिली.

आणि आपला सह्याद्री?

हे सारे वाचताना आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न आला असेल. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच आहे. मग कोयनेचा भूकंप ज्वालामुखीचा होता काय? गावाकडे अजूनही हा प्रश्न मला विचारला जातो. त्याचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला आणि केव्हाच थंड झाला. कोयना परिसरात त्याचा थर एक किलोमीटरच्या आसपास जाड आहे. भूकंप होतात ते त्याखालच्या ग्रॅनाइटसारख्या अतिप्राचीन खडकात, जुन्या प्रस्तरभंगांवर. शिवाजीसागर जलाशयाच्या पाण्याने त्यांना चालना मिळते, असे शास्त्रज्ञ मानतात. भारतातील जागृत ज्वालामुखी म्हणजे अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेट. तेथे मनुष्यवस्ती नाही.

किंबहुना आपला थंड, घट्ट कातळ तरुण ज्वालामुखीच्या अगदी उलट वागतो. तो लहरी शोषून घेत नाही, दूरवर नेतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी झालेला कोयनेचा भूकंप सहाच्या वर महत्तेचा होता. त्याने पावणेदोनशेच्या वर माणसे घेतली आणि पार मुंबईपर्यंत लोकांना झोपेतून उठविले. ढोबळ हिशेबाने इस्कियाच्या २०१७ च्या भूकंपापेक्षा त्यात अडीच हजार पटींहून अधिक ऊर्जा मोकळी झाली. तरीही कासामिच्चोलातील घराला ‘कोणता भूकंप मोठा’ हा प्रश्न निरर्थकच होता.

कोयनेच्या धरणाच्या पोटातील बोगद्यात त्या वेळी एक त्वरणलेखक बसविलेला होता. त्याने नोंदविलेले कमाल त्वरण ०.६३ जी. धरणाचा आराखडा करताना भूकंपासाठी धरलेला गुणांक होता ०.०५. हे दोन आकडे एकाच जातीचे नाहीत, क्षणिक टोक आणि हिशेबातील स्थिर जोर यांत फरक आहे, हे मान्य केले तरी तफावत डोळ्यांत भरण्यासारखीच आहे. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणाला वरच्या भागात तडे गेले, पण ते उभे राहिले. पुढे ते मजबूत करण्यात आले. कोयनेची ती नोंद धरणांचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या अभियंत्यांच्या उपयोगी पडली, आजही पडते. देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा १९७० साली बदलला गेला. दख्खनचे पठार निर्धोक आहे, ही समजूत त्या एका पहाटेने आणि त्या एका कागदाने मोडली.

आता दुसरी बाजू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. महत्ता ६.२, मृत्यू दहा हजारांच्या घरात. तोही याच काळ्या दगडाच्या प्रदेशात. परंतु मुख्य धक्क्याच्या वेळी त्या परिसरात तीव्र कंपन नोंदविणारे एकही यंत्र नव्हते. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे पडली हे आपण पाहिले. पण जमीन नेमकी किती, किती वेळ आणि कोणत्या लयीत हादरली, याची नोंद नाही आणि आता ती कधीही होणार नाही. भूकंपानंतर बसविलेल्या यंत्रांनी उत्तरधक्के मोजले. मुख्य धक्का गेला तो गेलाच. तोपर्यंत तो भाग नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली तो वरच्या पट्ट्यात घालण्यात आला.

कोयना आणि किल्लारी यांतील हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. इतर पुष्कळ शास्त्रांत प्रयोग पुन्हा करता येतो. येथे नाही. यंत्र आधीपासून जागेवर, चालू स्थितीत, कोणीतरी नीट राखलेले असावे लागते. तीस वर्षे काहीच घडले नाही तरी एकतिसाव्या वर्षी त्याची बॅटरी तपासणारा माणूस असावा लागतो. त्या कंटाळवाण्या कामाचे मोल एका पहाटेत कळते.

आणि शेवटी आपल्या शाखेविषयी थोडेसे. त्वरण मोजणारी यंत्रे आली ती फार तर गेल्या शंभर वर्षांत. भूकंपांचे चक्र मात्र शतकांचे. म्हणून इटालियन अभ्यासकांनी जुने भूकंप शोधण्यासाठी चर्चची दफ्तरे, खाजगी पत्रे, डागडुजीच्या खर्चाच्या नोंदी आणि जुनी वृत्तपत्रे चाळून काढली. कोणत्या साली कोणत्या गावाची कोणती भिंत पडली, हे त्यांतून कळले आणि धोक्याचे नकाशे त्यावर उभे राहिले. हे काम भौतिकशास्त्रज्ञाचे नव्हे. इतिहासाच्या, भाषेच्या आणि भूगोलाच्या विद्यार्थ्यांचे आहे. आपल्याकडेही देवस्थानांची दफ्तरे, गावकीचे जुने कागद आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आहेत. कोयनेची पहाट पाहिलेली पिढी आता सत्तरीच्या पुढे गेली आहे. या सुट्टीत आपापल्या गावी जाणाऱ्यांनी त्यांना तीनच गोष्टी विचाराव्यात : घर कशाचे होते, काय पडले आणि काय उभे राहिले. गावाचे नाव व तारीख घालून ती उत्तरे लिहून आणावीत. आपल्या भूगोल विभागात त्यांची एक वही सुरू करता येईल, आणि त्या वहीसाठी कोणतेही यंत्र विकत आणावे लागणार नाही.